आक्काताईची रेघ

सांगलीच्या गावभागात नदीकडं उतरत जाणारा एक बोळ आहे. त्याच्या तोंडाशीच आक्काताई शेटेचं हळदीचं दुकान. सकाळी ती जैन बस्तीत दर्शनाला गेली तेव्हा दुकानाची रस्त्याकडची भिंत नेहमीसारखीच कळकट, हळदीच्या धुळीनं पिवळट झालेली होती. परत येऊन बघते तर भिंत पांढरीफेक! जीन्स घातलेली एक मुलगी शिडीवर उभी राहून रोलर फिरवत होती आणि कानात गाणी ऐकत होती.

"थांब गं!" आक्काताई अशी ओरडली की बोळातली झोपलेली कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली.

पण आता थांबवून काही उपयोग नव्हता. दोन्ही रेघा गेल्या होत्या.

त्यातली खालची रेघ आक्काताईच्या नवऱ्यानं, जिनपालनं ओढलेली. दोन हजार पाचचा पूर ओसरला तेव्हा पाणी जिथवर आलं होतं तिथं त्यानं तांबड्या ऑइलपेंटनं रेघ मारली, बाजूला झोकात साल लिहिलं आणि पुढं चौदा वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला ती कौतुकानं दाखवली. मग एकोणीस साल आलं. पाणी वाढतंय म्हटल्यावर सगळा बोळ त्या रेघेपाशी जमला. कुणी तिच्यावर हात ठेवून अंदाज घेतला, कुणी पोराला भिंतीला टेकवून उभं केलं. मग सगळे घरी गेले आणि आपापलं सामान त्या रेघेच्या वर हातभर उचलून ठेवून निर्धास्त झाले. शिलाई मशीन, धान्याची पिपं, टीव्ही, लग्नाचे अल्बम. पुराला भ्यायला आम्ही काय परगावचे आहोत, असा गावभागाचा माज. जिनपालनं तर रेघेच्या वर खास मचाण बांधून घेतलं होतं. त्यावर वर्षाची हळद रचून तो चहा पीत बसला.

पाण्यानं काही ती रेघ वाचली नव्हती. ते मचाणावर चढलं. भिजलेलं पोतं वर माळ्यावर चढवायला जिनपाल धडपडला आणि मचाणावरून पडला. होडीत घालून त्याला मिरजेला दवाखान्यात नेईतोवर सगळं संपलं होतं. पाणी ओसरल्यावर आक्काताईनं घरातला तोच तांबडा डबा शोधला, स्टुलावर चढली आणि ओल्या भिंतीवर दुसरी रेघ ओढली. डोक्याच्याही वर. हात थरथरत होता म्हणून ती रेघ थोडी वाकडी आली होती.

"आजी, मला सांगितलं होतं की सगळं विचारून झालंय," शिडीवरची मुलगी खाली उतरत म्हणाली. तिचं नाव प्रांजल. चित्रकलेचं शिक्षण संपवून नुकतीच भिंती रंगवायची कामं घेऊ लागली होती. तिचा चेहरा एवढासा झालेला बघून आक्काताईचा राग तिच्यावरून उडाला आणि बरोबर जागी जाऊन बसला.

"कुणी सांगितलं? पारसनं?"

पारसनंच. पारस म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आक्काताईच्या हातचं खाऊन वाढलेला. पुण्याला इंजिनिअर झाला, परत आला, आणि आता बोळाच्या खालच्या टोकाला, नदीच्या अंगाला, चार मजली इमारत बांधत होता. नाव ठेवलं होतं रिव्हर व्ह्यू. वर तो 'सुंदर सांगली' नावाच्या समितीचा चिटणीसही होता. बाहेरची कुठलीशी मंडळी शहर बघायला येणार होती, म्हणून समितीनं भिंती रंगवायला काढल्या होत्या. दुकानाची इमारत आक्काताई आणि पारस दोघांच्या नावावर होती, त्यामुळे त्याची एकट्याची सही पुरली.

पारस आला तो हसत हसतच. त्याच्या हातात चित्राचा कागद होता. "काकू, आधी बघा तरी! अख्खी सांगली एका भिंतीवर."

आक्काताईनं चष्मा लावला. कागदावर खरंच सांगली होती. गणपतीचं देऊळ होतं, आयर्विन पूल होता, हळदीचे ढीग, द्राक्षाचे घड. एका कोपऱ्यात नाटकाचा पडदा, दुसऱ्या कोपऱ्यात लाल मातीतले दोन पैलवान. मिरजेचा तंबोरा होता, कुपवाडची धुराडी होती, विजयनगरची कलेक्टर कचेरी होती आणि तिच्यापुढं पलूस, जत, आटपाडीकडून कामं घेऊन आलेली फेटेवाली माणसं होती. भडंगाची पुडीसुद्धा होती. पुडी बघून आक्काताईला हसू आलं आणि ते तिनं लगेच गिळलं.

"चांगलं काढलंय पोरीनं. आणि नदी?"

"ही काय, पुलाखाली."

"ही व्हय? ही तर गटारागत दिसतिया. पाणी वर आल्यावर कशी असती ती कुठाय? माझी रेघ कुठाय ह्यात?"

पारसनं कागद गुंडाळला. "काकू, दरवर्षी पूर येतो का? बाहेरचा माणूस इथं येतो, त्याला आपण पहिल्यांदा काय दाखवायचं, तर बुडालो कुठवर ते? माझ्या वर्गातलं एकही पोरगं सांगलीत राहिलेलं नाही. सगळी पुण्याला. मी परत आलो. मला हे शहर उभं करायचंय, त्याला रडकं ठेवायचं नाही."

ह्यात खोटं काही नव्हतं आणि ते आक्काताईलाही ठाऊक होतं. पोर परत आलं म्हणून तिनं बोळभर पेढे वाटले होते.

"आणि तुमच्या रेघेचं म्हणाल," पारस आवाज खाली आणून म्हणाला, "तर काकांची रेघ मी मानतो. माझ्या इमारतीचं जोतं मी बरोबर त्या रेघेला लेव्हल घेतलंय. भर टाकून उचललंय. पण तुमची वरची... काकू, तुम्ही ती काका गेल्यावर ओढलीत. तेव्हा तुमची अवस्था काय होती? सगळा बोळ म्हणतो, दुःखात बाईचा हात वर गेला. मी तेव्हा पुण्यात होतो, मी काय बोलू?"

आक्काताईनं चष्मा उतरवला. रेघ पुसली ह्याचं तिला दुःख होतंच, पण बोळ आपल्याला वेडी समजतो हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. सहा-सात वर्षं त्या लोकांना ती उधार हळद देत आली होती.

"दुकानावरच्या घराचा जिना उतरणं तुम्हाला आता होत नाही," पारस पुढं म्हणाला. "तळमजल्यावरचा पहिला फ्लॅट तुमच्यासाठी ठेवलाय. नमुना म्हणून तोच सजवलाय. रविवारी बुकिंग सुरू होतंय. या, बघा, काकांसारखीच आरामखुर्ची आणलीय."

तो खरोखरीच मायेनं बोलत होता, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर धड रागावताही येईना.

शनिवारी दुपारी दुकानात एक बाई आली. नाव राजेश्वरी, कुंडलची. नवरा शंभूराज फौजेत, सध्या सीमेवर. मुलीला सांगलीत शाळेत घातलं होतं, म्हणून घर बघत होती. तिनं अर्धा किलो हळद मागितली आणि आक्काताई पुडी बांधत असताना विचारलं, "रिव्हर व्ह्यू हितनं खालीच न्हवं? तळमजला मिळतोय म्हणत्यात. सासूबाईंचं गुडघं गेल्यात, त्यांना जिना जमत न्हाई."

आक्काताईनं पुडी खाली ठेवली. "पोरी, तिथं तळमजला घेऊ नको. रिव्हर व्ह्यू म्हंजे नदी दिसती एवढंच न्हाई. नदीबी तुमच्याकडं बघती."

"पर बिल्डर साहेब तर म्हणालं, एकोणीसला तिथं पायरीपतोर पाणी होतं. कुठवर आलं हुतं नक्की? दावा की."

आक्काताई तरातरा बाहेर आली, हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला. भिंतीवर आयर्विन पुलाच्या कमानी होत्या, त्यावर निळंभोर आकाश होतं आणि आकाशात बगळे होते. राजेश्वरी बगळ्यांकडे बघत राहिली. नवऱ्याशी फोनवर ठरलंय, उद्या सासूबाईंना घेऊन येते, असं म्हणून ती निघाली. जाताना तिनं आक्काताईकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर आक्काताईला कळली. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढताना बघतात तशी.

मग मात्र आक्काताईचं डोकं सटकलं.

ती दुकानात गेली, पोती सरकवली आणि मचाणाजवळच्या सागवानी खांबापाशी उभी राहिली. हा खांब तिनं कधी घासू दिला नव्हता, पॉलिश करू दिला नव्हता. कुणी विचारलं तर लाकूड खराब होतं म्हणायची. त्यावर एक काळपट पट्टा होता, लाकडाच्या आत मुरलेला. गाळाचा. पाणी दोन दिवस त्या उंचीला थांबलं होतं आणि गाळ लाकडात शिरला होता. ह्या पट्ट्यावरूनच तिनं बाहेर रेघ ओढली होती. हा पट्टा काही तिच्या हातानं आलेला नव्हता.

तिनं धुळा गवंड्याला फोन लावला. "धुळा, तुझी लेव्हलची नळी घिऊन उद्या सकाळी ये. आणि रोज बुडाला म्हणून रडू नको, जेवायला घालते."

रविवारी सकाळी बोळ बघतच राहिला. धुळाच्या खांद्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं, आत पाणी. ही नळी गवंड्यांच्या रोजच्या कामातली. दोन टोकं दोघांनी उंच धरायची. एकीकडं पाणी जिथं उभं राहील त्याच उंचीला दुसरीकडंही उभं राहतं, मग मध्ये भिंत असो की घर असो. टोकं हलवताना पाणी सांडू नये म्हणून अंगठ्यानं बंद करायची, आणि माप घेताना अंगठा काढायचा.

एक टोक आक्काताईनं खांबावरच्या पट्ट्याला धरलं. दुसरं धुळानं बाहेर भिंतीला लावलं. "अंगठा काढा, आक्का." तिनं काढला. नळीत पाणी डुचमळलं आणि थांबलं, बगळ्यांच्या पायाशी. बरोबर तिथंच, जिथं तिची जुनी रेघ होती. नव्या रंगाखाली रेघेचा उंचवटा अजून बोटाला लागत होता.

"बाईचा हात वर गेला हुता म्हणं!" आक्काताई बोळाकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणाली. "या, बघा. लाकडाचाबी हात वर गेला काय?"

प्रांजल तिचे डबे घेऊन आलीच होती. तिनं नळीकडं पाहिलं, आपल्या चित्राकडं पाहिलं. मग तांबडा रंग कालवला आणि आपल्याच आकाशातून आरपार रेघ ओढली. ही रेघ सरळ आली.

तिथून ते पुढं निघाले. नळीची लांबी संपली की खूण करायची, त्या खुणेवरून पुढचं माप. बोळ नदीकडं उतरत होता आणि रेघ मात्र आपली जागा सोडत नव्हती, म्हणून प्रत्येक घराशी ती माणसांच्या आणखी वर जात होती. शेजारच्या शिंप्याच्या दारावर ती वरच्या कडीच्याही वर होती. पुढं खिडकीच्या वर गेली. आप्पासो माळी दारात आडवा उभा राहिला. त्याला खालची खोली भाड्यानं द्यायची होती.

"आक्काताई, माझ्या भिंतीवर न्हाई हां. भाडेकरू पळून जाईल."

"आप्पासो, तुमचं शिलाई मशीन, तुमचा टीव्ही कशावर ठेवलावता तवा?"

"जिनपालच्या रेघेवर."

"वाचलं का त्यातलं काय?"

आप्पासोनं चौकटीवरचा हात काढला. मग बाजूला झाला, आणि थोड्या वेळानं स्वतःच स्टूल आणून दिलं. कुणी म्हणत होतं बाईला चेव आलाय, कुणी म्हणत होतं पारसचं वाटोळं करणार. पण शेवटी एकानंही रेघ ओढायला नाही म्हटलं नाही. पोरं मोबाइलवर शूटिंग करत मागून चालली होती.

रिव्हर व्ह्यूच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. मांडव होता, पाहुणे होते, सरबत होतं. पारस पांढरा शर्ट घालून उभा होता. नळी घेऊन आलेली काकू आणि तिच्यामागं अख्खा बोळ बघून त्याचं तोंड पडलं. तरी पाहुण्यांपुढं तो हसला.

"काकू, हे आज कशाला?"

"फ्लॅट दाखवतो म्हणालावतास. दाखव."

नमुन्याच्या फ्लॅटमध्ये लिंबाच्या रंगाच्या भिंती होत्या, चकचकीत फरशी होती. खिडकीतून नदी दिसत होती, खाली, शांत, काठावर म्हशी बसलेल्या. खोलीच्या मधोमध आरामखुर्चीत कुंडलची बनुबाई बसली होती, राजेश्वरीची सासू. गुडघे चोळत ती फरशीचं कौतुक करत होती.

"माप घ्या," पारस म्हणाला. आता तोही इरेला पेटला होता. "पण एक टोक मी धरणार. धुळा तुमच्याच मिठाला जागायचा. माझं जोतं काकांच्या रेघेवर आहे, काकू. मी काही लोकांना बुडवायला बसलेलो नाही."

"धर की. तूच धर."

बोळातली शेवटची खूण दाराबाहेरच्या खांबावर होती. पारसनं नळीचं टोक तिथं धरलं. धुळा दुसरं टोक घेऊन आत आला आणि बनुबाईच्या मागच्या भिंतीला लावून उभा राहिला. सगळे नळीकडं बघू लागले. पाणी फरशीपासून वीतभर वर होतं आणि तिथंच थांबलं होतं.

"बघा," कुणीतरी पाहुणा म्हणाला. "वीतभरच तर आहे."

धुळानं खूण केली नाही. त्यानं दाराकडं मान वळवली. "मालक," तो हळूच म्हणाला, "अंगठा काढा."

पारसचा अंगठा नळीवर तसाच होता. तो विसरला होता की मुद्दाम ठेवला होता, हे त्याचं त्यालाच ठाऊक. इंजिनिअरला अंगठ्याचं शिकवायची गरज नव्हती. आक्काताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हाच अंगठा तोंडात घालून तो तिच्या मांडीवर झोपायचा. तिला रडू फुटेल असं वाटलं आणि त्याचाच तिला संताप आला.

"काकू," तो पुटपुटला, "सगळं घालून बसलोय मी ह्यात."

"ठाऊक हाय. तुझा काकाबी सगळं त्या मचाणावर घालून बसलावता. अंगठा काढ, पारस."

त्यानं काढला.

नळीत पाणी सरसर चढलं. खुर्चीच्या पायावरून, बैठकीवरून, हातावरून वर गेलं आणि बनुबाईच्या गळ्याशी येऊन थांबलं. धुळानं पेन्सिलीनं खूण केली. बनुबाईनं मान तिरकी करून आपल्या खांद्यामागची खूण बघितली, मग सुनेकडं हात केला.

"उठीव गं मला. आवं, माझं नुसतं गुडघं गेल्यात. नरडं शाबूत हाय अजून."

राजेश्वरीनं सासूला उठवलं. दारातून जाताना ती आक्काताईपाशी थांबली आणि तिनं वाकून नमस्कार केला. मागोमाग दोन-चार पाहुणेही सरबताचे पेले ठेवून निघाले.

आक्काताईनं लिंबाच्या रंगाच्या भिंतीवर तांबडी रेघ ओढली. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिचा हात आज अजिबात थरथरला नाही.

"मी पुसणार हे," पारस म्हणाला. "उद्या सकाळी रंग मारणार."

"मार. खांब माझ्याकडं हाय, नळीबी आजपासनं माझ्याकडं. धुळाला मी नवी घिऊन दीन." तिनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "आणि हा फ्लॅट मला दिलावतास न्हवं? बोळात हुबा राहून बोललावतास. घेतला मी."

ती गेली आणि आरामखुर्चीत बसली. रेघ तिच्या गळ्याच्या मागून गेली.

दुसऱ्या दिवशी आक्काताईनं दुकान उघडलंच नाही. दर्शन करून ती थेट रिव्हर व्ह्यूत आली, खुर्चीत बसली आणि हळकुंडं निवडू लागली. फ्लॅट बघायला येणारा दारातच थबकायचा. म्हातारी बघायचा, रेघ बघायचा. ती त्याला "जय जिनेंद्र, या की" म्हणायची आणि विचारलं तर सगळं सांगायची, गणपतीच्या देवळापासून भडंगापर्यंत. सांगली लय चांगली हाय, राहायला जरूर या, म्हणायची. फक्त वरच्या मजल्यावर घ्या. पारस तिच्याशी बोलत नव्हता. पण रंगाचा डबाही त्यानं उघडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. दाढी वाढलेली, हातात दोन चहा. एक तिच्यापुढं धरला. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि मग वळला तेव्हा त्याची नजर रेघेवर नव्हती, तिच्या गळ्यावर होती.

"धुळाशी बोललो," तो म्हणाला. "तळमजला सगळा मोकळा सोडायचा. नुसते खांब. गाड्या लावायला. एक लिफ्ट घालायची, म्हणजे कुंडलच्या आजींनाही पहिला मजला जमेल. मला पार उताणा पाडलंत तुम्ही, काकू. आता तरी उठा. घरी चला."

आक्काताईनं चहाचा घोट घेतला. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवलेही नाहीत. पण ती खुर्चीतून हलली नाही.

"आधी ही भिताडं पाड," ती म्हणाली. "मग उठते."